एकसारख्या दिसणाऱ्या पेशी : निदान कसे होते?

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण दुखत नाही म्हणून ती निर्धोकच असते, असेही नाही. मर्केल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा विरळ पण झपाट्याने वाढणारा कर्करोग याचे उत्तम उदाहरण आहे. म्हणूनच आम्ही आज हा विषय निवडला.

जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख मर्केल यांनी १८७५ मध्ये त्वचेतील, स्पर्शाशी संबंध असलेल्या पेशींचे वर्णन केले. त्यांच्याशी साम्य असलेल्या या कर्करोगाची पहिली नोंद १९७२ मध्ये सिरिल टोकर यांनी केली. बहुधा उतारवयात, चेहरा, मान, हात अशा उन्हात उघड्या राहणाऱ्या भागांवर लालसर किंवा जांभळट, टणक गाठ येते. ती सहसा दुखत नाही, पण काही आठवड्यांत वाढते.

तपासणीसाठी बारीक सुईने गाठीतील थोड्या पेशी ओढून घेतात, काचपट्टीवर पसरतात आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी लहान व गोल दिसतात. केंद्रक मोठे, भोवतीचा पेशीद्रव जेमतेम. केंद्रकात बारीक रव्यासारखे कण दिसतात. विभाजन होत असलेल्या पेशीही पुष्कळ आढळतात.

खरी अडचण इथेच आहे. फुफ्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या आणि लिम्फोमाच्या पेशीही जवळजवळ अशाच दिसतात. मग शरीरातील विशिष्ट प्रथिने ओळखणारी प्रतिपिंडे वापरतात. ‘सीके-२०’ची चाचणी केल्यावर केंद्रकालगत ठिपका उमटला, तर संशय मर्केलवर जातो. ‘टीटीएफ-१’ हे प्रथिन बहुधा फुफ्फुसाच्या त्या कर्करोगात सापडते, तर ‘सीडी-४५’ लिम्फोमात. मर्केलमध्ये ही दोन्ही सहसा आढळत नाहीत. एका चाचणीवर विसंबून न राहता सर्व पुरावे जुळवूनच निदान होते.

एवढा खटाटोप कशासाठी? उपचार नावावर ठरतात म्हणून. लिम्फोमात मुख्य भर औषधांवर असतो. मर्केलची गाठ लवकर सापडली तर शस्त्रक्रिया व किरणोपचार करतात. पसरलेल्या रोगासाठी २०१७ मध्ये अमेरिकेत अॅव्हेलुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. ते शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध लढण्यास मदत करते.

पालकांना आमची विनंती आहे की घरातील आजी-आजोबांच्या अंगावर नवी, भराभर वाढणारी गाठ दिसल्यास ती दुखण्याची वाट पाहू नये, डॉक्टरांना दाखवावी. आणि मुलांनो, तुमच्या नजरेस पडली तर घरात जरूर सांगा.