रानबदके आणि जलाशयाकाठची शेती

पावसाळा सरून थंडी पडू लागली, की महाराष्ट्रातील तळी, बंधारे व धरणांचे उथळ पाणी रानबदकांनी गजबजून जाते. काठावर शेती करणाऱ्याने या पाखरांच्या सवयी जाणून घेणे हिताचे आहे.

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचून उथळ पाणी, बेटे व पाणवनस्पती निर्माण झाल्या. जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणथळ स्थळ म्हणून जाहीर झाले.

येथील बदकांचे दोन वर्ग पडतात. तलवार बदक, थापट्या इत्यादी पाहुणी बदके हिवाळ्यापुरती उत्तरेकडील थंड प्रदेशांतून येतात. हळदी-कुंकू बदक व अडई ही बारमाही रहिवासी होत. हळदी-कुंकू पाण्याजवळच्या दाट गवतात घरटे करते; अडई बहुधा झाडाच्या ढोलीत अंडी घालते. म्हणून काठावरील लव्हाळे व जुनी झाडे राखावीत.

थापट्या आपल्या रुंद चोचीने पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव टिपतो. इतर अनेक बदके शेपटी वर व डोके पाण्यात करून बिया, कोवळे अंकुर, गोगलगायी व किडे खातात. नुकसानीचा प्रश्न मुख्यतः डोक्यावर दोन काळे पट्टे असलेल्या पट्टकदंब हंसाचा आहे. हिमालय ओलांडून येणारे हे थवे दिवसा पाण्याकाठी विसावतात व बहुधा रात्री गहू-हरभऱ्याच्या कोवळ्या पिकात चरतात.

अशा वेळी काही शेतकऱ्यांना विषारी दाणे टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्या विषाने गुरे, कुत्री व मासे दगावू शकतात. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या पक्ष्यांना मारणे व त्यांची अंडी उचलणे हा गुन्हा आहे. पुढील उपाय करावेत :

१. पीक कोवळे असताना शेजाऱ्यांनी पाळी लावून रात्री राखण करावी. डबे वाजवून थवे उठवावेत.
२. चकाकत्या फिती बांधाव्यात व त्यांची जागा बदलत राहावी, अन्यथा पाखरे सरावतात.
३. औषध चोळलेले बियाणे मातीआड करावे. सांडलेले उचलून घ्यावे.
४. कीटकनाशकाचे पंप व डबे जलाशयात धुऊ नयेत.

ज्या पाण्यावर बदके उतरतात, त्याच पाण्यावर गुरे येतात व पिके भिजतात. ते निर्मळ राखणे हे शेतकऱ्याच्याच हिताचे आहे, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी गावोगावी पटवून द्यावी.