विचारायचं ते लेखी विचार

चि. सायली,

फोनवर बोललीस ते अजून डोक्यात घोळतंय. प्रॅक्टिकल लांबलं की पाटगावची गाडी चुकते, मुलींच्या खोलीतल्या नळाला दुपारी पाणी नसतं, लायब्ररीत हवं ते पुस्तक मिळत नाही. तुम्ही मैत्रिणी आपसात कुरकुरताय, पण कॉलेजात कुणालाच विचारलेलं नाही. का, तर "सर काय म्हणतील!" हे मला पटलं नाही.

माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात गेली, म्हणून टेबलाच्या पलीकडून सांगते. "पाणी कधीच नसतं" असं कुणी येऊन म्हटलं, की शिपाई म्हणायचा, "सकाळी होतं की!" आणि विषय तिथंच मिटायचा. तेच "सोमवार ते गुरुवार दुपारी दोननंतर नळ कोरडा" असं तारखांसह कागदावर आलं, की टाकी किती वाजता भरतात हे बघावंच लागायचं. म्हणून आधी चार दिवस वेळा टिपून ठेव. अर्जाच्या दोन प्रती काढ. एक आवक विभागात दे आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घे. पोच मागितली म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी मागायचीच.

पाण्यासाठी थेट प्राचार्यांकडे धावू नको, ते ऑफिस अधीक्षकांचं काम. पुस्तकाचं ग्रंथपालांना विचार: प्रत दुसऱ्याकडे गेलीय की कॉलेजात नाहीच? गेली असेल तर आपलं नाव लावून ठेव, नसेल तर मागणी नोंदव. गाडीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण पावसाळ्यात तिकडचा रस्ता लवकर अंधारतो. विभागप्रमुखांना सांग, की कडगाव-पाटगावकडच्या मुलींना लवकर सुटणारी बॅच द्या. सोबत मुलींची नावं, गावं आणि गाडीची वेळ जोड. बॅच बदलणं जमत नसेल, तर तीच यादी प्राचार्यांच्या पत्रासह एसटीच्या आगारप्रमुखांकडे जाऊ शकते. आणि हो, शिपाईमामांवर राग काढू नको. पाण्याचं वेळापत्रक त्यांनी ठरवलेलं नसतं.

उत्तर आलंच नाही तर? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तक्रार आल्यापासून शक्यतो 15 कामाच्या दिवसांत तिनं अहवाल द्यायचा असतो. तिथंही समाधान झालं नाही, तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. मात्र कुणी वाईट नजरेनं बघितलं, अंगचटीला आलं, तर यातली एकही पायरी चढत बसू नको. त्याच दिवशी विश्वासातल्या बाईंना सांग, अंतर्गत तक्रार समितीकडे जा आणि मला फोन कर. रात्र असली तरी कर.

तू गारगोटीत शिकतेस याचंही मला अप्रूप आहे. आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक पुढे 1964 ते 66 च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले. त्याआधी, 1952 मध्ये, गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1956 मध्ये केंद्र सरकारनं देशात मोजक्या ग्रामीण संस्था सुरू केल्या, त्यात एक गारगोटीची. खेड्यातल्या पोरांनी शिकताना खेड्याचे प्रश्नही हाताळावेत, हा त्यामागचा विचार. पाणी, रस्ता, गाडी हे तेच प्रश्न आहेत गं. अभ्यास सोडून भलत्या भानगडीत पडतेय असं मनात आणू नको.

या आठवड्यात आधी पुस्तकाचं विचार, ते सगळ्यात सोपं. गाडीच्या अर्जाचा मसुदा व्हॉट्सअॅपवर पाठव, मी बघून देते. सही मात्र एकटीची नको, कडगावच्या मुलींचीही घे. बाबांना सध्या काही सांगू नकोस, ते उगाच काळजी करत बसतील. त्यांच्याशी मी बोलेन.

तुझी,
आत्या