सुईची उत्तर आणि पृथ्वीची उत्तर



गेल्या थंडीत सातवीच्या वर्गाला शाळेच्या मैदानाचा नकाशा काढायला दिला होता. नकाशा म्हटला की आधी उत्तर दिशा हवी. म्हणून मुलांचे दोन गट केले. एका गटाने विज्ञानपेटीतले होकायंत्र घेतले, दुसऱ्या गटाने मैदानात काठी रोवून सावलीवरून उत्तर काढली. संध्याकाळी दोन्ही गटांनी फक्कीने आखलेल्या रेघा पाहिल्या, तर त्या जुळेनात. थोडाथोडका नव्हे, चांगला पंधरा अंशांचा फरक! मी म्हणालो, "यंत्र ते यंत्र. सावलीवाल्यांचंच काहीतरी चुकलंय. पुसा ती रेघ."

सावलीच्या गटातली एक मुलगी काही रेघ पुसेना. "गुरुजी, आम्ही दोनदा मोजलंय," म्हणाली. मी जरा रागावलोच. ती गप्प बसली. पण रात्री वडिलांना घेऊन ती मैदानावर आली आणि दोन काठ्या अशा रोवल्या, की एकीच्या टोकावरून दुसरीच्या टोकाकडे पाहिले म्हणजे त्याच रेषेत ध्रुवतारा दिसावा. सकाळी तिने मला नेऊन दाखवले. काठ्यांची ओळ सावलीच्या रेघेवर बरोबर बसत होती!

मग चुकले कुणाचे? होकायंत्राचा गट सावलीला म्हणून हातपंपाच्या ओट्यावर बसला होता. वर लोखंडी पंप, खाली जमिनीत लोखंडी नळ. सुई बिचारी त्याकडे ओढली गेली होती. तेच होकायंत्र पन्नास पावले लांब मोकळ्या जागी ठेवले, तर सुईही सावलीच्या रेघेवर आली. म्हणजे खरी रेघ पुसायला सांगणारा मीच चुकलो होतो. तसे मी वर्गात सांगितले. तेव्हा त्याच मुलीने विचारले, "पण गुरुजी, हातपंप नसला तर सुई ध्रुवताऱ्याकडेच बघते ना?"

प्रश्न मोठा आहे. उत्तर आहे, नाही. आपल्या भागात तसे वाटते, एवढेच.

आता नीट पाहू. भोवरा फिरतो तेव्हा तो आरेवर फिरतो. पृथ्वीला अशी लोखंडी आर नाही, पण ती ज्या रेषेभोवती फिरते तिला आपण आस म्हणतो. आसाची दोन टोके जिथे जमिनीबाहेर आली असती, ते भौगोलिक ध्रुव. ही जागा पृथ्वीच्या फिरण्याने ठरते. ती जवळजवळ स्थिर असते. हलली तरी काही मीटर हलते. आसाचे उत्तर टोक आभाळात लांबवर वाढवले तर ध्रुवताऱ्याच्या अगदी जवळून जाईल. पाऊण अंशापेक्षाही कमी फरक राहतो. सूर्याची सावलीही पृथ्वीच्या फिरण्यामुळेच सरकते. म्हणून सावलीची उत्तर आणि ताऱ्याची उत्तर एकच निघाली.

सुईचे मात्र वेगळे आहे. तिला पृथ्वीचे फिरणे ठाऊक नाही. तिला फक्त चुंबकाची ओढ कळते. पृथ्वी स्वतःच एक मोठे चुंबक आहे, असे विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० साली पुस्तक लिहून मांडले. मग पृथ्वीच्या पोटात लोहचुंबकाची कांब आहे काय? तसे असू शकत नाही. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सियसपर्यंत तापले की त्याचे चुंबकत्व जाते आणि पृथ्वीच्या पोटात त्याहून कितीतरी जास्त उष्णता आहे. तिथे, सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर, वितळलेल्या लोखंडाचा थर आहे. तो उकळत्या आमटीसारखा खालीवर होतो, त्याच वेळी पृथ्वी त्याला फिरवत असते. या हालचालीतून विजेचे प्रवाह निर्माण होतात आणि विजेपासून चुंबकत्व. सायकलच्या डायनामोत चुंबक फिरून वीज तयार होते ना? त्याच जातीचा हा कारखाना समजा.

आता वितळलेले लोखंड कधी एकसारखे वाहणार आहे थोडेच! त्याचे प्रवाह बदलतात, म्हणून चुंबकीय ध्रुवही जागा बदलतो. होकायंत्राची सुई नेहमी आडवी फिरते. पण सुई खालीवर झुकेल अशी टांगली तर आपल्याकडे तिचे उत्तर टोक जमिनीकडे झुकते. जसजसे उत्तरेला जावे तसतसे जास्त झुकते. जिथे ती अगदी ओळंब्यासारखी उभी राहते, तो चुंबकीय ध्रुव.

ही जागा शोधायला माणसे जिवावर उदार होऊन गेली आहेत. १८२९ साली जॉन रॉस 'व्हिक्टरी' नावाचे जहाज घेऊन कॅनडाच्या उत्तरेला गेले. बरोबर त्यांचा पुतण्या जेम्स क्लार्क रॉस होता. जहाज बर्फात असे अडकले की शेवटी १८३२ मध्ये ते तिथेच सोडून द्यावे लागले. चार हिवाळे त्या लोकांनी बर्फात काढले, तेव्हा कुठे १८३३ मध्ये सुटका झाली. पण त्या अडकलेल्या दिवसांतच, १ जून १८३१ रोजी, पुतण्या रॉस बूथिया नावाच्या भूभागावर चालत पोचला. तिथे सुई ८९ अंश ५९ कला झुकली. म्हणजे उभीच की! आजूबाजूला काही नव्हते. ना डोंगर, ना कसली खूण. त्यांनी दगड रचून खूण केली आणि आपला झेंडा लावला. भौगोलिक ध्रुव तिथून २,००० किलोमीटरहून अधिक दूर होता, हे लक्षात ठेवा.

पुढे १९०३ ते १९०६ या काळात नॉर्वेचे रोआल्ड आमुंडसेन त्याच भागात राहिले आणि त्यांनी पुन्हा मोजणी केली. तर ध्रुव सुमारे ५० किलोमीटर उत्तरेला गेलेला! दगडांची खूण जागेवर, ध्रुव मात्र चालता झाला. हेच आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी भौगोलिक दक्षिण ध्रुवावर सर्वांत आधी पोचले. दक्षिणेचा चुंबकीय ध्रुव तर १९०९ मध्ये गाठला तेव्हा बर्फाळ जमिनीवर होता, आता तो समुद्रात आहे.

उत्तरेचा चुंबकीय ध्रुव १९९० नंतर फारच वेगाने पळू लागला. वर्षाला ५० किलोमीटरहून अधिक. आता वेग थोडा कमी झाला आहे. कॅनडा सोडून तो सैबेरियाच्या दिशेने निघाला आहे आणि सध्या भौगोलिक ध्रुवापासून चारशे-पाचशे किलोमीटरवर, समुद्रावरच्या बर्फात आहे. मोबाईलमधल्या होकायंत्रालाही याचा हिशेब ठेवावा लागतो. त्यासाठीचे जागतिक कोष्टक दर पाच वर्षांनी नवे होते, पण ध्रुवाच्या या पळापळीमुळे २०१९ मध्ये ते मुदतीआधीच दुरुस्त करावे लागले.

सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातल्या कोनाला दिक्पात म्हणतात. सुई सरळ चुंबकीय ध्रुवाकडे बोट दाखवते असेही नाही बरे का! त्या त्या ठिकाणी चुंबकीय ओढ ज्या दिशेने असेल तिकडे ती वळते. म्हणून गावोगावी दिक्पात वेगळा. महाराष्ट्रात तो एका अंशापेक्षाही कमी आहे, म्हणून आमच्या दोन्ही रेघा जुळल्या. पण लंडनला १५८० मध्ये सुई सुमारे ११ अंश पूर्वेला वळत होती, १८२० च्या सुमारास २४ अंश पश्चिमेला, आणि २०१९ मध्ये तिथे फरक शून्यावर आला. २४ अंश चुकलेले जहाज १०० किलोमीटर गेले तर वाटेपासून ४० किलोमीटर बाजूला पडेल. रात्रीच्या वेळी खडक असले तर? म्हणून जुने खलाशी ध्रुवतारा पाहून सुई तपासून घेत.

हा फरक मोजण्याचे काम आपल्या महाराष्ट्रातही फार दिवसांपासून चालते. मुंबईत कुलाब्याला वेधशाळा होती. पण विजेच्या ट्राम येणार असे ठरले. ट्रामच्या विजेने सुया हलणार! म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू केली. तिच्या मोजणीच्या इमारतींत लोखंड वापरले नाही. काही काळ दोन्हीकडे एकदम मोजणी ठेवली, म्हणजे जुने आकडे नव्याशी जुळवता यावेत. आमच्या वर्गाला हातपंपाने जे शिकवले, ते त्या लोकांनी आधीच ओळखले होते.

आता तुम्ही करून पाहा. थंडीच्या दिवसांत सकाळी मोकळ्या, सपाट जागी काठी ओळंब्यात उभी रोवा. तिच्या बुडाशी दोरी बांधून जमिनीवर वर्तुळ काढा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे टेकेल तिथे खडा ठेवा. दुपारनंतर सावली वाढत पुन्हा वर्तुळाला टेकेल, तिथे दुसरा खडा. दोन खड्यांना जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. तिच्या मध्यापासून काठीच्या बुडापर्यंतची रेघ दक्षिणोत्तर. ही रीत सूर्यसिद्धांतातही दिलेली आहे. घड्याळात बारा वाजले म्हणजे सावली सर्वांत लहान, असे मात्र धरू नका. आपल्याकडे तिला साधारण साडेबारा उजाडतात.

मग रेघेवर होकायंत्र ठेवा. कंपास, चाव्या, सायकल, पंप सगळे दूर. कोनमापकाने फरक मोजा आणि कागदावर लिहून या भित्तिपत्रकाशेजारी चिकटवा. जागा आणि तारीख लिहायला विसरू नका. तारखेशिवाय सुईची उत्तर उपयोगाची नाही.