दंडातील सौम्यता : अर्थ व उपयोग

दोषाचा नाश व्हावा आणि दोषी सुधारावा, हे दंडाचे प्रयोजन मानले की सौम्यतेचा अर्थ स्पष्ट होतो. दोषाकडे डोळेझाक करणे ही सौम्यता नव्हे. दोष सिद्ध झाल्यावर त्याच्या निवारणास पुरेल इतकाच दंड योजणे, ही सौम्यता होय.

समजा, मलकापूरच्या बाजारात एखाद्या तरुणाने प्रथमच चोरी केली. माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा असून त्याने तो परत केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा दोषीस समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. तत्पूर्वीच, १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने समज देऊन किंवा सद्वर्तनाच्या बंधपत्रावर दोषीस सोडण्याची सोय केली. जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात २१ वर्षांखालील दोषीस तुरुंगात धाडावयाचे, तर न्यायाधीशास कारणे लिहून ठेवावी लागतात. म्हणजे या वयात कठोरतेलाच आपले समर्थन करावे लागते.

शंका : अशाने दोषी निर्ढावेल, आणि ज्याची हानी झाली त्यास न्याय कोणता?

समाधान : त्याच अधिनियमान्वये दोषीस भरपाई देण्याचा आदेश करता येतो, आणि बंधपत्र मोडल्यास मूळ गुन्ह्याची शिक्षा भोगावयास लावता येते. विश्वासाने मनुष्य सुधारतो, याला महाराष्ट्रातच आधार आहे. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसविली. तेथे बंदी शेती करून राहू लागले. याच प्रयोगावरून १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी शरण आलेल्या सशाचे रक्षण केले, तेव्हा पारध्यांना शाप दिला नाही. त्यांना बोध केला. रक्षण आणि बोध एकत्र राहू शकतात, हे त्या लीळेतून कळते.

आता साधकाने स्वतःकडे पाहावे. उक्त अधिनियमानुसार सोडलेल्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. न्यायालय येथे थांबते. गाव मात्र थांबत नाही. “हा तोच चोर” असे जन्मभर ऐकवले जाते. आश्रमातही अनुतापपूर्वक प्रायश्चित्त घेतलेल्यास जुना दोष आठवून हिणविले, तर तो दुसरा दंड होतो, आणि तो देण्याचा अधिकार कोणासही नाही. तो ज्याच्या मुखातून निघतो, त्याच्या पदरी हिंसेचा दोष येतो.