फातोर्ड्याचे मैदान : आधी खेळ, मग स्टेडियम



"सर, आपल्या खानवेलला मोठे स्टेडियम कधी होणार?" असे फुटबॉल खेळणारी मुले आम्हाला नेहमी विचारतात. त्या निमित्ताने आज आपण गोव्यातील मडगावच्या फातोर्डा स्टेडियमची माहिती घेऊ. गोवा आपल्याला परका नाही. दादरा-नगर हवेलीप्रमाणे तेथेही पोर्तुगीजांची सत्ता होती. १९५४ मध्ये आपला प्रदेश मुक्त होत असताना पोर्तुगीज पोलीस सिल्वासा सोडून आपल्या खानवेलकडेच मागे हटले होते. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला.

गोव्यात फुटबॉल आणला तो मात्र एका ब्रिटिश धर्मगुरूंनी. त्यांचे नाव फादर विल्यम रॉबर्ट लायन्स. १८८३ साली शिवोली गावात त्यांनी मुलांना हा खेळ शिकवला. पुढे तो गावोगावी पसरला. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात गोल उभे राहत आणि एका गावाचा संघ दुसऱ्या गावाशी खेळे. १९५९ मध्ये गोव्याची फुटबॉल संघटना स्थापन झाली. १९८७ मध्ये गोवा राज्य झाले आणि १९८९ मध्ये फातोर्ड्याचे पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम उभे राहिले. म्हणजे खेळ आला त्यानंतर तब्बल १०६ वर्षांनी स्टेडियम आले!

हे मैदान फुटबॉलचे, तरी त्यावर क्रिकेटही खेळले गेले. २५ ऑक्टोबर १९८९ रोजी ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका यांच्यात येथे एकदिवसीय सामना झाला. २४ ऑक्टोबर २०१० रोजी ठरलेला भारत-ऑस्ट्रेलिया सामना मात्र पावसामुळे एकही चेंडू न टाकता रद्द झाला. या दोन खेळांची गरज वेगळी असते. क्रिकेटला मधोमध दाबून टणक केलेली खेळपट्टी लागते, तर फुटबॉलला या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी, मऊ हिरवळ लागते. एकाच मैदानावर दोन्ही सांभाळणे कठीण जाते.

त्यानंतर फातोर्डा पुन्हा पूर्णपणे फुटबॉलकडे वळले. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतातील सहा शहरांत झाला, त्यांत मडगाव होते. १० ऑक्टोबर रोजी इराणच्या मुलांनी बलाढ्य जर्मनीला येथे ४-० असे हरवले. करोनाच्या काळात, मार्च २०२१ मध्ये, इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना रिकाम्या गॅलऱ्यांसमोर येथेच झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलींच्या विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने याच मैदानावर रंगले. आमच्या विद्यार्थिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. गोव्याने स्टेडियमची वाट पाहत खेळ थांबवला नाही. शेतात, चर्चसमोरच्या पटांगणात खेळणारी मुले आधी होती, म्हणून स्टेडियम बांधल्यावर ते ओस पडले नाही. आपल्याकडे शाळेचे पटांगण आहे. पावसाळ्यानंतर त्यातले दगड वेचणे, खड्डे बुजवणे हे काम आपण सर्वांनी मिळून करू. पालकांना विनंती की, परीक्षेच्या दिवसांतही मुलांना, आणि मुलींनाही, रोज एक तास खेळू द्यावे. विश्वस्त मंडळींनाही आमची नम्र विनंती आहे. नव्या वर्गखोल्यांची गरज आम्ही जाणतो, पण पटांगणाचा तुकडा एकदा बांधकामाखाली गेला की तो परत मिळत नाही.

वहीत करावयाचा अभ्यास :
१. गोव्यात फुटबॉल कोणी व कोणत्या साली आणला?
२. फुटबॉल आणि क्रिकेट यांसाठी जमीन वेगवेगळी का लागते?
३. शाळेच्या पटांगणाची लांबी-रुंदी टेपने मोजा. नियमाप्रमाणे फुटबॉलचे मैदान किमान ९० मीटर लांब व ४५ मीटर रुंद असते. आपले किती कमी किंवा जास्त भरते?