फाईल लेकीबरोबर जाऊ दे

लेकीचं लग्न ठरलंय ना, मग ऐक. रुखवतात काय मांडायचं ते तुझं तू बघ, पण तिची हॉस्पिटलची कॅन्सरची फाईल तिच्या बॅगेत आधी जाऊ दे. 'बरी झाली, आता कशाला उगाळायचं' म्हणून माळ्यावर टाकलेल्या फायली वाळवीने खाल्लेल्या पाहिल्यात मी.

आणि तिला सगळं नीट सांग. 'लहानपणी गाठी आल्या होत्या, गेल्या' एवढंच ठाऊक असलेल्या मुली संसाराला लागतात. सासरी किती सांगायचं ते तिने ठरवावं. पण तिचं तिलाच माहीत नसणं बरं नव्हे.

आजाराचं नाव, कुठली औषधं, एकूण डोस किती, रेडिएशनचा शेक कुठे नि किती ग्रे, हे एका कागदावर हॉस्पिटलातून सही-शिक्क्यानिशी लिहून आण. कारण ज्या उपचारांनी ती वाचली, तेच काही जणांत पुढे दुसऱ्या कॅन्सरचं निमित्त होतात. सगळ्यांना होतो असं नाही, उगाच धास्तावू नकोस. इटोपोसाइडसारख्या औषधाने रक्ताचा कॅन्सर व्हायचाच तर बहुधा पहिल्या काही वर्षांत होतो, ती वर्षं तिची सुखरूप गेली. शेकाचं तसं नाही, त्याने होणारा कॅन्सर दहा-वीस वर्षांनीही डोकं वर काढतो.

हिला हॉजकिन्ससाठी छातीवर आणि मानेवर शेक दिलाय. छातीला १० ग्रे किंवा जास्त मिळाले असतील, तर वयाची २५ वर्षं किंवा शेकानंतरची ८ वर्षं, यातलं जे उशिरा येईल तेव्हापासून दरवर्षी मॅमोग्राफी आणि एमआरआय करायची. चाळिशीची वाट बघायची नाही. 'एवढ्या लहान वयात कशाला?' असं तिकडचे डॉक्टर विचारतील, तेव्हा तोच कागद पुढे करायचा. थायरॉईडसाठी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून मान चाचपून घ्यायची. दिवस राहिले तर पहिल्याच तपासणीला हे सगळं सांगायचं, म्हणजे हृदयाकडेही लक्ष ठेवतील. आणि सासरी मिश्री लावत असले तरी हिने बोटसुद्धा लावायचं नाही. यात भिडस्तपणा नको.

परळच्या टाटा हॉस्पिटलात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१पासून वेगळं एसीटी क्लिनिक आहे. मोठी झालेली मुलंही तिथे तपासणीला येतात. हिला यंदा पंचवीस पूर्ण होतील. हळदीच्या आधीच नंबर लाव.