पाय गेला पण वाघ्या आला

पातळी ४ • पाठ ११

वाचण्याआधी: सिंहगडाची आणि तानाजीची गोष्ट तुम्ही मागच्या पातळीत वाचली आहे. शिवाजी महाराज शेवटी काय म्हणाले ते आठवतंय का? आठवत नसेल तर घरात कुणाला तरी विचारा, आणि मग या पाठाचं नाव पुन्हा एकदा वाचा.

आम्ही नेदरलँड्समध्ये लायडस्खेनडाम-फोरबर्गला राहतो. नाव लांबलचक आहे, कारण २००२ साली लायडस्खेनडाम आणि फोरबर्ग यांची मिळून एक नगरपालिका झाली. आमचं घर लायडस्खेनडामच्या बाजूला, फ्लीट नावाच्या कालव्यापासून पाच मिनिटांवर आहे. घरात आम्ही चौघं आणि वाघ्या.

वाघ्या हे नाव माझ्या आईने, म्हणजे मुलांच्या आजीने, साताऱ्याहून फोनवर सुचवलं. खंडोबाबरोबर कुत्रा असतो आणि खंडोबाच्या भक्तांना वाघ्या म्हणतात, हे तिने सांगितलं आणि मुलांनी नाव लगेच पक्कं केलं. डच लोक 'ग' घशातून 'ख'सारखा म्हणतात, त्यामुळे शेजारचे आजोबा त्याला 'वाख्या' अशी हाक मारतात. वाघ्या दोन्ही नावांना शेपूट हलवतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर महिना होता. पाच वाजताच अंधार झाला होता आणि पाऊस पडत होता. आमच्या बागेचं फाटक मागच्या बोळात उघडतं. ते उघडं राहिलं आणि वाघ्या बाहेर पळाला. बोळ संपतो तिथे रस्ता आहे. गाडीचा ब्रेक मला घरात ऐकू आला.

वाघ्या वाचला. हाड मोडलं नव्हतं, रक्तही फारसं नव्हतं. पण पुढचा डावा पाय नुसता लोंबत होता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं: पायाला जोराचा हिसका बसला, की मानेजवळून पायात जाणारे मज्जातंतू तुटू शकतात. मग पाय दिसतो तसाच, पण त्याला मेंदूचा निरोप पोचत नाही. दुखतंय, टोचतंय, गरम आहे, गार आहे, काहीच कळत नाही. कधी कधी हे तंतू काही आठवड्यांत थोडे सुधारतात, म्हणून आम्ही सहा आठवडे वाट पाहिली. तो पाय जमिनीवर फरफटत राहिला. पंज्याची वरची बाजू घासून तिथे जखम झाली आणि ती भरेना. आम्ही मोजे घातले, पट्ट्या बांधल्या, पण त्याला काही जाणवतच नव्हतं, त्यामुळे तो पाय सांभाळत नव्हता. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "हा पाय आता त्याच्या कामाचा नाही. उलट त्याला धोका आहे. काढून टाकूया."

मी घरी येऊन मुलांना सांगितलं, "वाघ्याचा पाय गेला."

"कुठे गेला?" माझ्या पाच वर्षांच्या मुलाने विचारलं.

मराठीत आपण 'जाणे' हे क्रियापद किती ठिकाणी वापरतो, बघा. पाऊस जातो, ताप जातो, आवाज जातो, दात जातो. मी त्याला म्हटलं, "अरे, आजीकडे लाईट जातात ना, तसं." तो जरा विचार करून म्हणाला, "पण आजीकडे लाईट परत येतात." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने ऑपरेशनला साफ नकार दिला. तिचं जेवण कमी झालं होतं आणि आम्हाला वाटत होतं, वाघ्याच्या काळजीने झालं असेल. ऑपरेशनच्या चार दिवस आधी रात्री ती माझ्या अंथरुणात येऊन म्हणाली, "आई, फाटक मी उघडं ठेवलं असेन. मी सायकल आत आणली होती. आता पाय कापायला मी हो म्हणू का?"

फाटकाची कडी मी लावली नव्हती. कचऱ्याचा हिरवा डबा रस्त्यावर ठेवायला मी मागून गेले होते, कानात ऑफिसचा कॉल चालू होता, आणि परत येताना मी फाटक नुसतं लोटलं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिच्या बाबांना सांगितलं होतं, तिला नाही. मुलांना कशाला, असं वाटलं होतं. आणि त्या सहा आठवड्यांत माझी चूक ती वाहत होती! मी तिला सगळं सांगितलं. ती खूप रडली, माझ्यावर रागावली, दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी मात्र तिने एक कागद आणून दिला. त्यावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न होते. पहिला प्रश्न: नकली पाय लावता येईल का?

प्रश्न चांगला होता. जयपूर फूट तुम्ही ऐकलं असेल. जयपूरमध्ये १९६८ च्या सुमारास माणसांसाठी तयार झालेला हा स्वस्त आणि मजबूत कृत्रिम पाय आहे. त्याच जयपूरचे पशुवैद्य डॉ. तपेश माथूर यांनी गाई-वासरांसाठी कृत्रिम पाय बनवले. कृष्णा नावाच्या वासरावरून त्याला 'कृष्णा लिंब' म्हणतात. पण कृत्रिम पाय अडकवायला वरचा थोडा पाय शिल्लक लागतो. वाघ्याचा पाय खांद्यापासून काढायचा होता. अर्धा पाय ठेवला तर कुत्रा तो सारखा टेकवायला बघतो आणि पुन्हा जखम होते, असं डॉक्टरांनी सांगितलं. शिवाय कुत्र्याला तीन पाय उरतात, माणसाला एक. हिशोब वेगळा आहे.

जानेवारीत ऑपरेशन झालं. त्याला दवाखान्यात सोडून येताना माझा पाय निघेना. दुसऱ्या दिवशी घरी आणला तेव्हा अर्ध्या अंगावरचे केस काढलेले, खांद्याच्या जागी टाक्यांची लांब रेघ, गळ्यात नरसाळ्यासारखा प्लास्टिकचा पट्टा. कुणाला काय बोलावं कळेना. मुलांचे बाबा म्हणाले, "पाय गेला पण वाघ्या आला." विनोद फारसा चांगला नव्हता, पण आम्ही हसलो. आजी व्हिडिओ कॉलवर डोळे पुसत म्हणाली, "अरेरे, बिचारं मुकं जनावर! कसं जगायचं गं त्यानं?"

तिसऱ्या दिवशी पोस्टमन आला. दाराच्या फटीतून पत्र पडलं, आणि वाघ्या नेहमीसारखा भुंकत दाराकडे धावला. तीन पायांवर, नरसाळ्यासकट! मध्ये एकदा पडला, उठला, आणि भुंकणं पूर्ण केलं.

खरी अडचण पुढे आली, आणि ती आमच्या घराची होती. इथल्या घरांमधली लाकडी दिसणारी गुळगुळीत फरशी तुम्हाला माहीत आहे. चार पायांचा कुत्रासुद्धा तिच्यावर घसरतो. कुत्रा उभा असताना त्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं आणि ४० टक्के मागच्या. वाघ्या तेव्हा २४ किलोचा होता. म्हणजे पुढे साधारण १४ किलो, प्रत्येक पायावर सात. आता डावा नाही, म्हणून त्यातला बराच भार एकट्या उजव्यावर. म्हणून पुढचा पाय गेला तर मागचा जाण्यापेक्षा जास्त त्रास होतो. वाघ्या हळूहळू तो उजवा पाय छातीच्या मधोमध टेकवायला शिकला. तिपाई असते ना, तसा.

आम्ही दारापासून स्वयंपाकघरापर्यंत सतरंज्या टाकल्या. माझी योगाची चटई त्याच्या भांड्याखाली गेली, ती अजून तिथेच आहे. डच जिने किती उभे असतात ते इथल्या मुलांना सांगायला नको. वर चढणं त्याला जमतं, पण उतरताना सगळा भार पुढे येतो, म्हणून जिन्याला छोटं फाटक बसवलं. त्याची कडी मी रोज दोनदा बघते. नखं वेळेवर कापायची, पंज्यांमधले केस कापायचे, म्हणजे पकड नीट राहते.

टाके काढताना डॉक्टर मला म्हणाल्या, "तुम्ही सारखं गेलेल्या पायाकडे बघताय. उरलेले तीन सांभाळा." वजन २२ किलोवर आणा, असंही त्यांनी सांगितलं. मला ते वाक्य थोडं कडक वाटलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मी वाघ्याचे बाकीचे पाय नीट पाहिलेच नव्हते.

आणि मग आजी आली, तीन महिन्यांसाठी. तिचं प्रेम तुपातलं. पोळीचा तुकडा, भाकरीचा तुकडा, "एवढंसं तर आहे!" महिन्याभरात वाघ्या दीड किलोने वाढला आणि चालताना लवकर धापा टाकू लागला. एकदा तर ती बेदाणे घातलेला लाडू त्याला देणार होती. बेदाणे, मनुका, कांदा, चॉकलेट, हे कुत्र्यांना विषारी असतं. मुलीने लाडू हातातून काढून घेतला. आजी रुसली. मग मुलीने तिला पाच-पाच किलो तांदळाच्या दोन पिशव्या एकाच हातात धरून जिना उतरायला सांगितला. आजीने दोन पायऱ्यांवरच पिशव्या खाली ठेवल्या. त्यानंतर तूप बंद झालं, गाजर सुरू झालं.

बाहेर मात्र 'बिचारा' सुटेना. कालव्याच्या लॉकजवळ, जिथे बोटी पाण्याची पातळी बदलायची वाट बघत थांबतात, तिथे लोक वाघ्याला बघून 'झीलख' म्हणायचे. डचमधलं 'बिचारा'च ते. मुलगी चिडून सांगायची, "तो बिचारा नाहीये, त्याला फक्त हळू चालायला आवडत नाही." हे अगदी खरं आहे. तीन पायांच्या कुत्र्याला रमतगमत चालण्यापेक्षा पळणं सोपं जातं. हळू चालताना प्रत्येक पावलाला डोकं वर उचलून उडी मारावी लागते. पळताना वेग त्याला पुढे नेतो. स्वतः करून बघायला मुलगी बागेत लंगडी घालत त्याच्यामागे धावली. लंगडी हा आपला खेळ तुम्ही संमेलनात खेळला असाल. ती दोन मिनिटांत दमली. वाघ्या झाडाला तीन चकरा मारून आला.

लंगडीवरून मला एक आठवलं. साताऱ्यात आमच्या शाळेच्या फाटकाशी तीन पायांचा एक कुत्रा असायचा. आम्ही त्याला 'लंगड्या' म्हणायचो आणि डब्यातली पोळी टाकायचो. त्याचा पाय कसा गेला, थंडीत त्याचं काय दुखतं, कुणी विचारलं नाही. मीही नाही. 'लंगडा' हा शब्द माणसासाठी किंवा जनावरासाठी हाक म्हणून वापरू नका. आंब्यासाठी चालेल.

एक खेळ मात्र आम्ही बंद केला. वाघ्या पूर्वी डावा पंजा हातात द्यायचा. ऑपरेशननंतर मुलाने सवयीने हात पुढे केला, तर वाघ्याचा डावा खांदा हलला. नुसता खांदा. तो आमच्याकडे बघत राहिला. उजवा पंजा मागणं शक्य नव्हतं, तो उचलला तर वाघ्या पडला असता. आता आम्ही उघडा तळवा पुढे करतो आणि तो त्यावर नाक लावतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही गावाबाहेर स्टॉम्पवाइककडे, तीन पवनचक्क्या बघायला गेलो. १६७२ मध्ये बांधलेल्या या चक्क्या एका रांगेत उभ्या आहेत. खोलगट जमिनीतलं पाणी एकीला एकदम वर उचलता येत नाही, म्हणून पहिली थोडं उचलून दुसरीला द्यायची, दुसरी तिसरीला. वाघ्या पहिलीपासून दुसरीपर्यंत पळत गेला आणि गवतात बसला. बाबांनी बाकफीट्स आणली होती. बाकफीट्स म्हणजे पुढे मोठी लाकडी पेटी असलेली सायकल. वाघ्या पेटीत चढला, काठावर हनुवटी ठेवली, आणि तिसरी चक्की त्याने तिथूनच बघितली.

तो आता नऊ वर्षांचा आहे. थंडीत सकाळी उजवा खांदा आखडतो, म्हणून उठल्यावर मुलगी तो पाच मिनिटं चोळून देते आणि मगच शाळेची बॅग भरते. पुढच्या आठवड्यात त्या खांद्याचा एक्स-रे आहे. प्रश्नांचा कागद तिने आधीच लिहून फ्रिजवर लावला आहे.

शब्दार्थ
बोळ – घरांच्या मधला अरुंद रस्ता
हिसका – जोराचा, अचानक ओढ
मज्जातंतू – मेंदूचे निरोप शरीरात पोचवणारे बारीक धागे
फरफटणे – जमिनीवर घासत ओढले जाणे
नरसाळे – बाटलीत तेल ओतायला वापरतात ते रुंद तोंडाचे भांडे
तिपाई – तीन पायांचे छोटे टेबल
आखडणे – ताठ होणे, सहज न हलणे

'पाय' असलेले वाक्प्रचार
माझा पाय निघेना, हे पाठात आले आहे. इथे पाय अडकला नव्हता, मन अडकले होते. आता घरात विचारून यांचे अर्थ लिहा: पाय मोकळे करणे, काढता पाय घेणे, स्वतःच्या पायावर उभे राहणे. यातला कोणता वाक्प्रचार तुम्ही वाघ्यासाठी वापराल? का?

स्वाध्याय
१. आई सहा आठवडे मुलीला काय सांगत नव्हती? तुम्ही तिच्या जागी असता तर केव्हा सांगितले असते?
२. वाघ्याला जिना उतरणे चढण्यापेक्षा अवघड का जाते? पाठातले आकडे वापरून सांगा.
३. मुलीने आजीला तांदळाच्या पिशव्या का उचलायला लावल्या?
४. 'जाणे' हे क्रियापद वापरून पाच वाक्ये करा. ज्या गोष्टी परत येतात त्यांच्यासमोर खूण करा.
५. वाघ्याच्या एक्स-रेसाठी डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न मराठीत लिहा आणि पुढच्या तासाला मोठ्याने वाचून दाखवा.